इटालियन येणारा मिस्त्री

रिसोडच्या बसस्टँडमागे जळालेल्या मोटरी भरणारा तो मिस्त्री वेढे आकड्यांत मोजत नसे. तांब्याची तार गुंडाळताना तो इटालियन क्रियापदं चालवी. "तोर्नो, तोर्नी, तोर्ना..." एका काळाची सहा रूपं, म्हणजे सहा वेढे. वर्तमान संपला की भूत, मग भविष्य, मग 'आलो असतो तर'वालं. याचा अर्थ काय, असं मी एकदा मध्येच विचारलं. "परत येणं," तो म्हणाला, आणि मोजणी तुटली म्हणून अख्खी कॉइल उलगडून पुन्हा बसला.

त्याचा मुलगा दोन वर्षांपासून इटलीत गाईंच्या गोठ्यावर कामाला होता. "मालकाले दुसरी भाषा येत नाही. उद्या काई झालं त मले समजलं पाह्यजे," एवढंच तो सांगे.

परवा मी मोटर आणायला गेलो, तेव्हा पोराचा फोन बंद होऊन आठ दिवस झाले होते. मिस्त्र्याची बायको दुकानातच बसून होती. तेवढ्यात इटलीहून मालकाचा फोन आला. मिस्त्री उभा राहून इटालियनमध्ये बोलला, कुठंही न अडखळता. दोनदा काही विचारलं, बराच वेळ ऐकलं, 'ग्रात्सिए' म्हणून आभार मानले आणि फोन खिशात ठेवला. डाव्या हातातली तार बोटात रुतली होती.

"काय म्हणे तो?" बायकोनं विचारलं.

"लै घाईनं बोलून राह्यला होता," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मले काईच समजलं नाही."

मग तो खाली बसला आणि माझी मोटर भरू लागला. एक, दोन, तीन, चार.