रविवारचं माप

आमच्या कुत्रीच्या पोटावरची वाटाण्याएवढी गाठ पहिल्यांदा बायकोच्या हाताला लागली. "अहो, उद्याच डॉक्टरला दाखवा," ती म्हणाली. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आयुष्य सुटे भाग मोजण्यात गेलं. मापात असेल तर ओके, नसेल तर रिजेक्ट. मोजल्याशिवाय मी कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि त्याचा मला माजही होता. मी म्हणालो, "आधी वाढतेय का ते तर बघू."

त्या रविवारी मी घरचं व्हर्निअर, बारीक मापं घ्यायची जबड्याची पट्टी, काढलं. कुत्री उताणी झोपली. नऊ मिलिमीटर. वहीत लिहिलं, तिला बिस्किट दिलं. पुढच्या रविवारीही नऊ. मग साडेनऊ. बायकोनं विषय काढला की मी वही पुढे करायचो. महिन्याभरात कुत्रीला इतकी सवय झाली की व्हर्निअरची डबी वाजली रे वाजली, ती धावत येऊन पाय वर करून पडायची.

आमच्या लाइनवर चाकणकडच्याच गावचा एक सोबती आहे. त्याला हे कळल्यावर तो म्हणाला, "राव, जनावर हाय ते, बेअरिंग न्हाई." मी हसलो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पाचव्या महिन्यात गाठीतून रक्त आलं, तेव्हा कुठे कासारवाडीहून रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी गाठ दोन बोटांत धरली आणि विचारलं, "तुम्ही काय मोजत होतात?" मी रुंदी मोजत होतो. गाठ आत वाढत होती. नुसतं चाचपून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

ऑपरेशनमध्ये एका बाजूची सडांची सगळी रांग काढली. तपासणीत कॅन्सर निघाला. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ होता, म्हणून केमो सुरू केली. दर तीन आठवड्यांनी पुढच्या पायाच्या शिरेतून औषध जायचं. ते शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं, म्हणून तिला हलू द्यायचं नाही. मी तिला घट्ट धरायचो. ती सुईकडे बघायचीच नाही, माझ्याकडे बघायची. दुसऱ्या डोसनंतर तिच्या मिश्या गळाल्या, दोन दिवस पाण्यालाही तोंड लावलं नाही. मी बिनमिठाचं चिकन उकडून चिमटी-चिमटीनं भरवलं. संध्याकाळी बायको बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. मी कधी हात न जोडणारा माणूस, तिच्या मागे जाऊन उभा राहू लागलो.

चौथ्या डोसआधी पुन्हा एक्स-रे काढला. फुप्फुसात पांढरे ठिपके होते.

"आता थांबूया. औषधानं तिला नुसता त्रास होईल," मॅडम म्हणाल्या.

"दुसरं औषध द्या. पुन्हा कापा. काहीतरी करा!" मी ओरडत सुटलो. त्यांनी मला ओरडू दिलं. मग मी विचारलं, "पहिल्याच आठवड्यात आणलं असतं तर?"

"तेव्हा गाठ लहान होती," त्या म्हणाल्या. "बहुतेक काढून टाकली असती, की संपलं असतं."

खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मला त्यांचा राग आला. स्वतःचा तर इतका आला की हे हात तोडून टाकावेसे वाटले.

घरी आल्यावर कुत्रीनं अंथरूण सोडणं बंद केलं. बसल्या जागी धाप लागायची. रविवारी सकाळी मी ते व्हर्निअर फेकून द्यायला म्हणून कपाटातून काढलं आणि हातात डबी वाजली.

कुत्री उठली. धापा टाकत, भिंतीला टेकत आली, माझ्या पायांशी कशीबशी उताणी झाली. पोटावर आता टाक्यांचा लांब व्रण होता, मोजायला काही नव्हतं. ती तशीच पडून माझ्याकडे बघत राहिली. बायकोनं तोंड फिरवलं.

मी खाली बसलो. व्हर्निअर उघडलं, व्रणाला हलकेच टेकवलं.

"ओके," मी म्हणालो आणि बिस्किट दिलं.

तिनं ते तोंडात धरलं. खाल्लं नाही.