बंद रस्त्यावरचे रविवार

डॉक्टरांनी साखर अगदी काठावर आहे म्हणून सांगितलं आणि मी त्याच आठवड्यात गिअरची सायकल घेतली. घेतली खरी, पण जालन्यात ती चालवायची कुठं? आमच्या घरापासून ऑफिसपर्यंतच्या रस्त्यानं सळयांनी भरलेले ट्रक जातात. सळया मागून चांगल्या हातभर बाहेर आलेल्या असतात, टोकाला लाल चिंधी बांधून. पहिल्याच दिवशी अशा एका चिंधीमागं मी सिग्नलला उभी राहिले, सिग्नल सुटला तरी उभीच राहिले, आणि मग सायकल हातात धरून चालत घरी आले. त्यानंतर महिनाभर मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरत होते. वॉचमनला वाटायचं, माझं काहीतरी हरवलंय.

माझा मोठा भाऊ गावाकडं शेती करतो. तो मिरची घेऊन जालन्याच्या बाजारात आला होता, तेव्हा घरी जेवायला आला आणि त्यानं पार्किंगमधला हा प्रकार डोळ्यांनी पाहिला.

"हे काय करून राह्यली तू?" तो म्हणाला. "गावाकडं ने की ही सायकल. तलावाचा रस्ता बंद हाय. दिवसभर एक गाडी दिसायची न्हाई."

त्याच्या रिकाम्या पिकअपमध्ये सायकल आडवी टाकून आम्ही निघालो. केदारखेड्याला चहाला थांबलो तर चहावाल्यानं मागं डोकावून विचारलं, "पोराला घेतली का?" भाऊ म्हणाला, "न्हाई, बहिणीला." चहावाल्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि माझ्या चहात साखर कमी घातली. मी काहीच बोलले नव्हते.

आमचं गाव धावड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. गावाबाहेर एक डांबरी रस्ता तलावाच्या काठाकाठानं जातो, मग डोंगराची एक सोंड चढून खिंडीतून पलीकडच्या गावात उतरतो. आदल्या पावसाळ्यात त्या रस्त्यावरचा नळ्यांचा पूल वाहून गेला. त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात तिथं नवं डांबर पडलेलं. आता दोन्ही बाजूंना मुरमाचे ढीग टाकून रस्ता बंद केलेला. म्हणजे तळहातासारखा गुळगुळीत रस्ता आणि त्यावर गाडी नाही.

मी पहिल्या रविवारी सकाळी एकटीच गेले. थंडीचे दिवस होते. तलाव भरलेला, पाण्यावर वाफ, आणि मधोमध चक्रवाकांचा थवा शेकोटीला बसल्यासारखा अंग चोरून बसलेला. गाड्या नाहीत म्हणून लोकांनी रस्त्याचं खळं केलं होतं. एका ठिकाणी मका वाळत होता, पुढं कुणाची मासे धरायची जाळी, आणि त्यापुढं लांबच लांब लाल मिरच्या. मिरच्यांच्या कडेकडेनं शिंकत शिंकत मी तुटलेल्या पुलापर्यंत गेले आणि शिंकत शिंकतच परत आले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी आले तर वहिनी अंगणात उभ्याच होत्या. माझ्या सायकलच्या हँडलवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "ताई, मला बी येते सायकल."

भावाला ठसकाच लागला. "तुला? कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"मंग इतक्या वर्षांत बोलली न्हाई कधी."

"घरात सायकल कुठं होती बोलायला?"

आता मात्र होती. भाचीला शाळेत मिळालेली लेडीज सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. भाची कॉलेजला शहरात गेली तेव्हापासून तिच्यावर चिमण्यांचा मुक्काम. भावानं कुरकुर करत ती उतरवली, पुसली, हवा भरली. माझी सायकल मी गावातच ठेवली आणि दर शनिवारी एसटीनं यायला लागले. पुढच्या रविवारी वहिनी लेकीचा पंजाबी ड्रेस घालून, त्यावर भावाचा स्वेटर चढवून माझ्याबरोबर निघाल्या.

मुरमाचा ढीग ओलांडून आम्ही रस्त्यावर आलो. "ताई, जरा धरा," त्या म्हणाल्या. मी कॅरिअर धरलं, त्या सीटवर बसल्या, मी ढकललं. आणि त्या गेल्या की! सरळ, ताठ, एकदा सुद्धा हँडल डगमगलं नाही. मी मागून टाळ्या वाजवल्या. पुढं जाऊन त्यांनी झोकात वळण घेतलं आणि माझ्याकडं येऊ लागल्या. येता येता चेहरा बदलला.

"ताई! आता?"

"आता काय?"

"उतरायचं कसं?"

मी काही सांगायच्या आत त्या माझ्या बाजूनं गेल्या आणि सरळ मुरमाच्या ढिगात शिरल्या. पुढचं चाक रुतलं, सायकल उभीच राहिली, आणि वहिनी सीटवर बसलेल्या, देवीसारख्या शांत.

मग उलगडा झाला. लहानपणी त्यांचा भाऊ त्यांना सायकलवर बसवून द्यायचा आणि खळ्याच्या दुसऱ्या टोकाला तोच धरून उतरवायचा. "मधलं तेवढं मला बराबर येतं," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी त्या ढिगाशेजारी बसून इतक्या हसलो की तलावावरचे बगळे उडाले.

बसण्याचा प्रश्न किलोमीटरच्या दगडानं सोडवला. त्याच्यावर पाय ठेवून वहिनींना सीटवर चढता यायचं. त्यामुळं आमचे थांबे दगडांवर ठरलेले. मधेच कुठं पाणी प्यायचं असलं तरी पुढचा दगड येईपर्यंत तहान दाबून ठेवायची. थांबणं जास्त अवघड गेलं. ब्रेक दाबायचा सोडून त्या बैलाला म्हणावं तसं सायकलला "होऽ हो" म्हणायच्या. मी ओरडायचे, "वहिनी, ब्रेक!" त्या म्हणायच्या, "दाबला की!" आणि पुढं जायच्या. पण थंडी सरता सरता त्यांचा हात ब्रेकवर बसला. "होऽ हो" मात्र सुटलं नाही.

एका रविवारी तुटलेल्या पुलाशी आम्ही दशम्या खात बसलो होतो. वहिनी समोर डोंगराकडं बघत होत्या. खिंडीपलीकडचं गाव त्यांचं माहेर. रस्ता चालू होता तेव्हा जीपनं अर्ध्या तासात जाता यायचं. आता भोकरदनवरून फेरा मारायचा, दोन ठिकाणी गाडी बदलायची. त्यामुळं पंचमीनंतर त्या गेल्याच नव्हत्या.

"ताई, खिंड कितीशी लांब हाय?"

"ढकलत न्यावं लागेल."

"मंग ढकलू."

ओढ्यात कमरेइतके उंच सिमेंटचे नळे पडले होते. त्यांच्या मधून, दगडांवर पाय ठेवत, आधी माझी सायकल दोघींनी धरून पलीकडं नेली, मग त्यांची. पलीकडं रस्त्यावर आमच्या चाकांशिवाय कसलीच खूण नव्हती. चढ सुरू झाला तशा आम्ही उतरलो. वहिनी सायकल रेटत होत्या. वर पोचल्यावर त्यांनी पदर घ्यायला हात खांद्याकडं नेला, पदर नाही हे लक्षात आल्यावर ओढणीची गाठ घट्ट केली आणि दगडावर पाय ठेवून सीटवर बसल्या.

उतारावर मी घाबरले, त्या नाही. "होऽ हो, होऽ हो" असा आवाज माझ्या पुढं पुढं जात होता. गावात शिरलो तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली. वहिनींनी कुणाकडं पाहिलं नाही, सरळ वस्तीच्या टोकाला आपल्या घरी गेल्या. खळ्यावर त्यांचे वडील तुरीच्या शेंगा बडवत होते. वहिनींनी ब्रेक दाबला. जरा जोरातच दाबला, आणि सायकलसकट कडब्याच्या गंजीला टेकल्या.

वडिलांच्या हातातली काठी तशीच राहिली. आधी त्यांनी सायकल पाहिली, मग लेक, मग मी.

"माय," ते हळू आवाजात म्हणाले, "काय झालं? भांडून आली का?"

"न्हाई बाबा. सायकल चालवत आले."

"ते दिसून राह्यलं. पण कामून?"

"उगंच."

"उगंच?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मग ते खाली तुरीच्या ढिगावरच बसले. आधी खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला. डोळे पुसून पुन्हा हसले. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या टोपीवरचा भुसा झटकत राहिल्या. मी तेवढ्यात घरात गेले. वहिनींच्या भावजयीनं चहा टाकला होता, आणि तिला पण माझ्यासारखं खिडकीतून त्या दोघांना नीट बघायचं होतं.

तिथून मी भावाला फोन केला.

"पलीकडं? दोघी? सायकलवर?"

"हो."

"बरं. मंग माझ्या जेवणाचं काय?"

"भाकरी टोपलीत हाय म्हणावं," वहिनी खळ्यावरून ओरडल्या.

निघताना वडिलांनी लेकीच्या कॅरिअरला सुतळीनं एक भलंमोठं डांगर बांधून दिलं. त्यांना कुणी नको म्हणू शकत नाही. खिंडीपर्यंत ते आमच्याबरोबर चालत आले, एक हात सायकलच्या सीटवर ठेवून. आमच्या बाजूचा उतार लागला आणि पहिल्याच वळणावर सुतळी सुटली. डांगर रस्त्यावर पडलं, घरंगळलं, आणि माझ्या शेजारून आम्हा दोघींना मागं टाकून निघून गेलं. त्या दिवशी रस्त्यावर आम्हाला भेटलेलं ते एकच वाहन. वहिनी त्याला सुद्धा "होऽ हो" म्हणत होत्या. खाली घाणेरीच्या जाळीत ते फुटलेलं सापडलं. त्यातलं चांगलं अर्धं आम्ही ओढणीत बांधून आणलं. संध्याकाळी भावानं त्याचे घारगे दोनदा मागून खाल्ले.

पुढच्या रविवारी तलावाच्या सांडव्यापाशी आम्ही पोचलो, तर तिथं कठड्याला एक जुनी, काळी, दांडीची सायकल टेकवलेली. शेजारी वहिनींचे वडील बिडी ओढत बसलेले.

"बाबा, तुम्ही खिंड चढून आले?"

"चढून आलो, उतरून आलो. तूच येऊन राह्यली, मला पाय न्हाईत का?"

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. त्यांच्याकडून भुईमुगाच्या शेंगा यायच्या, आमच्याकडून भाकरी आणि ठेचा. सांडव्याच्या कठड्यावर बसून बापलेक बोलत राहायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न जमलं, विहिरीला किती पाणी. मी पाण्याकडं बघत शेंगा फोडायचे. एकदा मी विचारलं, "मामा, एवढं चढता, दमत नाही का?" तर म्हणाले, "दमतो की. पण इथं आल्यावर."

उन्हाळ्यात पुलाचं काम झालं आणि रस्ता चालू झाला. जीप आल्या, मिरच्या अंगणात गेल्या. मला वाटलं, आता आपले रविवार संपले. पण सकाळी उजाडता उजाडता निघालं तर दुधाच्या गाडीपलीकडं फारसं काही नसतं, आणि तिचा ड्रायव्हर आता लांबूनच हॉर्न न वाजवता बाजूला घेतो. कारण वहिनी अजूनही सायकलला तोंडानं थांबवतात, हे त्याला माहीत झालंय.

मागच्याच महिन्यात वहिनी पहिल्यांदा न उतरता खिंड चढल्या, त्या जुन्या शाळेच्या सायकलवर, गिअर नसताना. मी माझे सगळे गिअर वापरून झाल्यावर खाली उतरून ढकलत होते. धापा टाकत वर पोचले तर त्या आणि त्यांचे वडील खिंडीतल्या कठड्यावर बसून डोंगरातली सीताफळं खात होते. मांडीवर बियांचा ढीग.

"या ताई," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासाठी एक ठेवलं होतं."

"होतं?"

"लई उशीर केला तुम्ही," त्यांचे वडील म्हणाले, आणि शेवटचा गर तोंडात टाकला.