कुलपाला दिलेलं आवतन

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आज वाशी तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. गावाला चूलबंद आवतन, म्हणजे आज कुणाच्याच घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडं जेवायचं. सकाळी मी काकांबरोबर आवतन द्यायला निघाले. पहिल्याच दाराला कुलूप. तरी काका उंबऱ्यापुढं उभे राहिले, "जेवायला या हो," अशी हाक दिली आणि पुढं निघाले. पुढच्या दाराला कुलूप. तिथंही तेच.

मला वाटलं, त्यांना दिसलंच नसेल. म्हटलं, "काका, कुलूप हाय."

"दिसतंय की. पर आवतनात घर वगळता येत न्हाय."

अख्ख्या आळीत आतून ओ आली ती दोनच घरांतून.

मी शाळेत भूगोल शिकवते. जिथं पाणी आणि चांगली जमीन, तिथं माणसांची दाटी, असं दरवर्षी मुलांना सांगते. इथं जमीन काळीभोर, विहिरीला पाणी. मग माणसं कुठं गेली, असं मी काकांना विचारलं.

काका म्हणाले, "नुसत्या पाण्यावर पोरांची लग्नं जमत न्हाईत, माय. पगार तिकडं शहरात हाय."

जेवणं उरली. संध्याकाळी भावानं नव्या घराला कुलूप लावलं, किल्ली काकांकडं दिली आणि बायकोपोरांना घेऊन पुण्याच्या गाडीत बसला. तिथं ते सगळे एका खोलीत राहतात. दारावरचं तोरण अजून सुकलंही नव्हतं.

पुढच्या आवतनाला काका या दारापुढंही उभे राहतील.

तुमच्या आळीत हाक दिली, तर किती घरांतून ओ येईल?