शोभाचा गुरुवार

आमच्या धर्मग्रामातून (चर्चच्या पॅरिशमधून) बीड जिल्ह्यात वैद्यकीय पथक पाठवायचं ठरलं, तेव्हा यादीत माझं नाव नव्हतं. ज्या नर्सबाई जायच्या होत्या त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले, आणि फादर रेमंड रविवारच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) माझ्यापाशी येऊन थांबले. "सिसिलियाबाई, पाचसहा दिवसांचा प्रश्न आहे," एवढंच म्हणाले. वय बासष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. नाही म्हणायला माझ्याकडे पुष्कळ कारणं होती, पण त्या क्षणी एकही तोंडात आलं नाही. मी उत्साहाने गेले असं लिहिलं तर ते खोटं होईल.

शनिवारी पहाटे वसईहून निघालो. फादर, डॉक्टर विन्सेंट, मी आणि ड्रायव्हर. मागे औषधांचे खोके, आणि शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिकांचा एक खोका. तो फादरांनी स्वतःच्या हाताने चढवला होता. माळशेज घाट चढेपर्यंत हिरवळ सोबत होती. नगर ओलांडलं, पाथर्डी मागे पडली आणि जमिनीचा रंगच बदलला. बाजरी गुडघ्याएवढी होऊन तशीच वाळून उभी होती. कपाशीची झाडं वीतभर. पावसाळा सरून जेमतेम महिना झाला असेल, पण सिंदफणेच्या पात्रात बायका झिऱ्याशी (वाळूत खणलेल्या खड्ड्याशी) बसून वाटीवाटीने घागर भरत होत्या. आमच्या गाडीकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

शिबिराचं गाव शिरूर कासारपासून जवळच होतं. मुक्काम तिथल्या शेतकी सोसायटीच्या कार्यालयात, शिबिर तिच्या गोडाऊनमध्ये. तिथे खताचा वास इतका मुरलेला होता की आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरले. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळं गाव आबा म्हणत होतं, पांढऱ्या टोपीत दारात उभे होते. त्यांनी आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले आणि प्रत्येकाला अर्धाच पेला पाणी दिलं.

"यंदा गोडाऊन मोकळंच हाय," आबा म्हणाले. "पेरलंच न्हाई तर खत कोन नेतंय? येत्या शुक्करवारी ट्रकी येतेत. अर्धं गाव कारखान्याला जाईल. आमचा तालुका ऊस पिकवत न्हाई बाई, ऊस तोडतो."

मग त्यांची नजर पुस्तिकांच्या खोक्यावर गेली. त्यांनी एक उघडून दोन ओळी वाचल्या आणि परत ठेवली. "फादरसाहेब, माझं सोताचं काही म्हननं न्हाई. पर हे वाटू नका. लोकं लई बोलतेत."

फादरांनी खोका बंद करून गाडीच्या सीटखाली सरकवला. त्यांना वाईट वाटलं, ते मला दिसलं.

रविवारी सकाळी कार्यालयातच मिस्सा झाली. टेबलावर पांढरं कापड आणि द्राक्षारसाचा पेला, मागे भिंतीवर सोसायटीच्या जुन्या चेअरमन मंडळींचे हार घातलेले फोटो. दारात दहाबारा माणसं उभी राहून बघत होती. शेवटी एका म्हाताऱ्याने फादरांना विचारलं, "ती लाल दारू व्हती का?" फादर हो म्हणाले. "सकाळी सकाळी?" म्हाताऱ्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला. दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली होती. त्यामुळेच बहुधा पहिल्या दिवशी रांगेत बघेच जास्त होते. त्यातल्या एकाने खणखणीत आवाजात विचारलं, "औषिद फुकट देता ते बरं हाय. पर बदल्यात आमाला काय करावं लागंल?"

"रांगेत उभं राहावं लागेल," फादर म्हणाले. तेव्हा लोक हसले आणि रांग जरा सरळ झाली.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी एका बाईचा रक्तदाब तपासत होते. बाहेर कुणीतरी ओरडलं, "टँकर आला." पाहता पाहता गोडाऊन रिकामं झालं. माझ्यासमोरची बाईही उठली आणि दंडाला पट्टा बांधलेला तसाच घेऊन पळाली. मी हातात रबरी फुगा धरून उभी राहिले, कारण नळी सुटून तेवढंच माझ्याकडे उरलं होतं. तासाभराने ती तीन घागरी घरी पोचवून परत आली, पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आता बगा." तिचा रक्तदाब तेव्हा इतका चढला होता की त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. डॉक्टर विन्सेंट पाठ फिरवून हसत होते. त्या पाच दिवसांत मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

त्याच दुपारी शोभा आली. खताच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी होती, तिच्या आडोशाला आम्ही जुनी साडी बांधून बायकांना तपासायची सोय केली होती. शोभाचं वय सव्वीस, तीन लेकरं. बरोबर तिची सासू गयाबाई. गयाबाईंनी आधी स्वतःचं सांगितलं. कंबर दुखते, बसलं की उठवत नाही. मी वहीत 'जुनी कंबरदुखी' लिहिलं, गोळ्यांची पुडी दिली आणि शोभाकडे वळले.

"पोटात दुखतंय. अंगावरून पांढरं जातंय," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"दोन वर्सं झाले. आता गुरवारी पिशवी काढायची हाय."

पिशवी म्हणजे गर्भाशय. दळण आणायला जायचं आहे, अशा सुरात तिने ते सांगितलं. एका खाजगी डॉक्टरने तिला न तपासताच सांगितलं होतं की काढली नाही तर कॅन्सर होईल.

"पण का काढायची?" मी विचारलं.

उत्तर गयाबाईंनी दिलं. "कावून म्हंजी? आमच्या आळीत कुनाला हाय आता? माजी काढली, हिच्या जावंची काढली. फडात (ऊसतोडीच्या रानात) दर म्हैन्याचं लचांड नको. खाडा (कामाचा बुडालेला दिवस) पडला की मुकादम बोलतो."

"तुमची काढल्यावर बरं वाटलं का?"

त्यांनी कंबरेवर हात ठेवला. "कंबर गेली. पर खाडा न्हाई पडला."

मी तीस वर्षं मुंबईतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये काम केलं. किती बायकांची गर्भाशयं मी ट्रेमध्ये धरली, मोजलेली नाहीत. त्यातली किती धडधाकट होती हे मी कधी विचारलं नाही. ते विचारणं माझं काम नाही असं मी धरून चालले होते. त्या आडोशाला उभी असताना मला एकदम फार थकल्यासारखं झालं. बसायला स्टूलही नव्हतं.

डॉक्टरांनी शोभाला तपासलं. जंतुसंसर्ग दिसत होता, दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जाईल असा. नवऱ्यालाही त्याच गोळ्या घ्याव्या लागणार होत्या. पण खात्रीसाठी सोनोग्राफी हवी, आणि ती बीडच्या सरकारी दवाखान्यात. "तिला कुणीतरी न्यायला हवं," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले.

शोभाचा नवरा अंकुश मंगळवारी आला. "मला काय झालंय? मी कावून गोळ्या खाऊ?" त्याने विचारलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला नेऊन समजावलं. तो कान लाल करून परत आला, पुडी खिशात घातली आणि बायकोला म्हणाला, "जाऊन ये बीडला. एक दिस जाईल, जाऊ दे."

बुधवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी निघालो. गाडीत खिडकीला काच नव्हती, तोंडावर धूळ येत होती. बीडला रांग, चिठ्ठी, पुन्हा रांग. शोभा कधी उकिडवी बसे, कधी भिंतीला टेकून झोपे. दुपारी लिंबाच्या झाडाखाली तिने फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, कोरडा ठेचा, आणि डब्यात थंड झालेलं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज). तिने अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "मावशी, तुमच्याकडं मिरच्या पिकत न्हाईत का?"

तीनला आमचा नंबर लागला. सोनोग्राफी करणारी डॉक्टर तरुण मुलगी होती, दिवसभर काम करून तिचाही चेहरा उतरला होता. तरी तिने पडदा शोभाकडे वळवला. "पिशवी चांगली आहे तुमची. कशाला काढता?"

"हीच का?" शोभाने विचारलं.

"हीच."

शोभा बराच वेळ त्या करड्या ठिपक्यांकडे बघत राहिली.

परतीच्या गाडीत शिरूर जवळ आल्यावर ती म्हणाली, "पटलं मला. पिशवी चांगली हाय. पर फडात त्या चार दिसात मी काय करू? पानी न्हाई, आडोसा न्हाई. पहाटं उठून मोळ्या वाहायच्या. तुमी सांगा."

मी कापड उन्हात वाळवायचं, दुखलं तर कुठली गोळी घ्यायची, असं काहीबाही सांगायला लागले. ती ऐकत होती, पण मलाच ते ऐकवेना. मी थांबले. "मला माहीत नाही, शोभा," मी म्हटलं.

"खरं बोललात," ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

गावात उतरलो तर गयाबाई थांब्यावरच उभ्या होत्या. सुनेला काही न विचारता त्या मला म्हणाल्या, "तुमी चार दिस आलात, शुक्करवारी जाल. सा म्हैने हिच्या वाटचं कोन करंल? तुमी येनार का फडात?"

"नाही," मी म्हटलं. "मी येणार नाही."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि शोभाला पुढे घालून घेऊन गेल्या.

संध्याकाळी हे फादरांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "मी इथे देवाबद्दल बोलायला आलो होतो," ते म्हणाले. "चार दिवसांत एक वाक्य बोललेलो नाही. आणि बोललो असतो तर कुठलं, तेही कळत नाही." आम्ही चौघांनी पिठलं-भाकरी खाल्ली आणि लवकर आडवे झालो.

गुरुवारी सकाळी गोडाऊनचं दार उघडत होते तेवढ्यात अंकुशची मोटारसायकल शिरूरच्या रस्त्याला गेली. मागे एक बाई, चेहऱ्यावर पदर ओढलेला. मी तशीच कुलूप हातात धरून उभी राहिले. मग रांग सुरू झाली. खोकला, खरूज, गुडघे, लेकरांचे कान. दिवसभर माझे हात चालत होते आणि मनात तो ट्रे येत होता. संध्याकाळी कुणाला तरी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. ऐकायची ताकद नव्हती.

शुक्रवारी आम्हीही निघणार होतो. चावडीसमोर ट्रक उभा होता. पत्रे, बांबू, चुली, पिठाची पोती, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर माणसं. मला तिकडे जायचं नव्हतं, पण आबांनी "या, निरोप घ्या" म्हणून नेलं. वरून हाक आली. "मावशी." शोभा धाकट्या लेकराला मांडीवर घेऊन पिठाच्या पोत्यावर बसली होती.

"न्हाई गेले मी," ती म्हणाली.

"मग काल गाडीवर कोण होतं?"

"जाऊ व्हती. दळन आनाया गेलती."

गोळ्या पूर्ण घे, मध्ये सोडू नकोस, एवढं बोलले. तिच्या शेजारी गयाबाई आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. ट्रक सुटला, धूळ उडाली, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही.

वसईला पोचलो आणि मी दोन दिवस झोपून काढले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर मला पथकाबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. एका बाईचं गर्भाशय वाचलं, असं मी माइकवर म्हणाले. पुढच्या बाकांवरची पुरुषमंडळी पायांकडे बघू लागली. मी खाली उतरले.

नाताळच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. शोभा कोल्हापूरकडच्या एका फडातून बोलत होती. मागे कोयत्यांचा आवाज येत होता.

"मावशी, पोटात दुखायचं थांबलं."

"आणि ते चार दिवस?"

"दोन दिस बसले पालात (झोपडीत). आत्याबाईंनी (सासूबाईंनी) माज्या मोळ्या बांधल्या. मी सांगितलंबी न्हाई. एक शबूद बोलल्या न्हाईत, नुसत्या बांधत व्हत्या."

"त्यांची कंबर कशी आहे?"

"दुखतीय की," शोभा म्हणाली. "लई दुखतीय."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात बसून राहिले. शोभाला मी बीडला नेलं, तिच्याबरोबर दिवसभर रांगेत थांबले. गयाबाईंच्या पाठीवर मात्र हात ठेवूनही पाहिलं नव्हतं. जुनं दुखणं म्हणून एक ओळ लिहिली, पुडी दिली आणि पुढे वळले. त्या मला आडमुठ्या वाटल्या होत्या. शोभाची सुटका मी केली असंही मला काही दिवस वाटत होतं. तिच्या वाटचं ओझं साठीच्या एका मोडक्या कंबरेवर गेलं होतं, आणि ते गयाबाईंनी आपणहून घेतलं होतं.

तुम्ही तिकडे जाऊन काय केलंत, असं आमच्याकडे कुणी विचारलं की मी शोभाचं सांगते. लोकांना ऐकायला बरं वाटतं. गयाबाईंचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.