शेवंताबाईंच्या शेतातला खड्डा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ का बोलतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच असेल.

नागपूर जिल्ह्यात, खाप्याकडच्या एका गावात मी जन्मभर इतिहास शिकवला. आमच्या शिवारात मोठ्या दगडांची गोल कडी आहेत. फार जुन्या काळच्या लोकांनी आपली मेलेली माणसं तिथे पुरली. वर्गात मी ओरडून सांगायचो — वखराला काही लागलं तर हात लावू नका, धुऊ नका, तहसीलदाराला कळवा. छान बोलायचो. बोलायला काय जातं?

शेवंताबाईंनी ते खरं मानलं. माझ्या एका विद्यार्थिनीची आई, एकटीने शेती करणारी. त्यांच्या शेतातल्या दगडांच्या कड्यात मडक्याची कड आणि गंजलेली कुऱ्हाड वर आली, तर त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. भोवती काटेरी बोराट्या टाकल्या आणि माझ्याकडे आल्या.

“तुमीच अर्ज लिहून द्या जी गुरुजी. मले लिहिता नाही येत.”

मी हो म्हणालो. अर्ज लिहिला नाही. का? — शोध माझ्या नावावर लागावा, पेपरात फोटो यावा, म्हणून. दुसरं काही नाही.

बाई मिरची तोडायला भिवापूरकडे गेल्या, तेव्हा दोन रविवार मी तिथे फावड्याने खणलं. मी — हात लावू नका म्हणणारा! कुऱ्हाडीचे दोन तुकडे झाले. कुठलं हाड कशाजवळ होतं, तेही कळेनासं झालं. मग घाबरलो आणि सगळं तसंच टाकून घरी आलो.

परतल्यावर खड्डा पाहून बाई हबकल्या आणि स्वतःच तहसीलात सांगून आल्या. नागपूरहून पुरातत्त्व खात्याचे साहेब आले, गाव जमलं. कुणी खणलं, असं त्यांनी विचारलं. गर्दीतून आवाज आला — गुप्तधन! बाई माझ्याकडे वळल्या. “सांगा नं जी गुरुजी, मी तं गावातच नव्हती.”

आणि मी म्हणालो — थांबा, माझेच शब्द आहेत, नीट सांगू द्या — “लोभापायी माणूस काय करेल, सांगता येत नाही, साहेब.”

एवढंच. एवढं पुरलं.

गुप्तधनाचा ठपका आमच्याकडे काय असतो, ठाऊक आहे? अमावास्या, लिंबू, नरबळी — सगळं मागोमाग चिकटतं. बाईंच्या कापूस वेचणीला बाया येईनात. बारशाची, लग्नाची बोलावणी थांबली. पोलिसांनी दोनदा बोलावून सोडून दिलं. गावाने सोडलं नाही. त्यांना माझा संशय होता का? असणारच. तरी वाटेत भेटल्या की “रामराम गुरुजी” म्हणायच्या. मला राग यायचा — हो, त्यांचाच.

मी मात्र निवृत्तीनंतर शाळाशाळांतून वारशावर भाषणं देत फिरतो. घरात सत्काराच्या शालींचा ढीग आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्याच शिवारात विहीर खणताना मोठा रांजण लागला. लोकांनी तो फोडला आणि परत मातीत दाबून टाकला. कुणालाच कळवलं नाही. म्हणाले, शेवंताबाईचं झालं तसं आपलं नको.