सारसवीराचे गुडघे

माझ्या भावाला मी सोळाव्या वर्षी निवृत्त केलं. एका शुक्रवारी संध्याकाळी, अर्ध्या कार्डशीटवर, बॉलपेननं. तेव्हा मी आठवीत होते आणि मला वाटलं, मी फार हुशारीचं काम केलं. त्या हुशारीचा पश्चात्ताप पुढं सतरा वर्षं पुरला.

सडक अर्जुनीपासून सायकलनं अर्ध्या तासावर आमचं गाव. शाळा हायवेला लागून, आणि शाळेच्या व्हरांड्यात भित्तिपत्रकाचा हिरवा फळा. त्यावर सुविचार, पाण्याचं महत्त्व आणि वृक्षारोपणावरच्या कविता लागायच्या, आणि सगळ्या शाळांत होतं तसं त्या कुणी वाचत नसे. मग १९९९ साली माझा दादा नववीत गेला आणि त्यानं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चार चौकटींची चित्रकथा चिकटवायला सुरुवात केली. दर शनिवारी, सकाळच्या शाळेत. नायकाचं नाव सारसवीर.

मामाचं गाव गोंदियाकडं. तिथं धानाच्या बांध्यांत, पाण्यानं भरलेल्या खाचरांत, दादानं सारसाची जोडी पाहिली होती. माणसाएवढा उंच पक्षी, अंग राखाडी, डोकं लालभडक. याच्याइतका सोयीचा वीर दुसरा मिळाला नसता, कारण आमच्याकडं रंगही दोनच होते. राखाडीला पेन्सिल, आणि लालला मराठीच्या सरांचं वह्या तपासायचं पेन. ते पेन सर शुक्रवारी द्यायचे आणि सोमवारी न विसरता परत मागायचे. सारसवीर डोक्यापासून मानेपर्यंत लाल फडकं गुंडाळायचा, लांब टांगा टाकत शेताच्या धुऱ्यांवरून उड्या घ्यायचा आणि रानडुकरांच्या राजाला, शाळेसमोरून सुसाट जाणाऱ्या ट्रकवाल्याला, नाहीतर भारनियमनासुराला गारद करायचा. हा शेवटचा असुर आमचा सगळ्यांचा लाडका शत्रू, कारण तो घरोघरी येऊन गेलेला होता.

दादाची खरी करामत हातांची. हात काढणं किती अवघड असतं ते ज्यानं काढून पाहिलं त्यालाच ठाऊक. पाच बोटांची सात होतात आणि अंगठा भलतीकडंच उगवतो. दादा मात्र आपला डावा हात समोर धरायचा आणि उजव्या हातानं तसाच्या तसा उतरवायचा. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये सापडून त्याची डावी करंगळी वाकडी झाली होती, तीही कागदावर उतरायची. त्यामुळं सारसवीराच्या दोन्ही करंगळ्या वाकड्या होत्या, आणि शाळेतली पोरं मारामारीच्या आधी करंगळी वाकडी करून उभी राहायची.

दोन वर्षांनी दादा दहावी झाला आणि गोंदियाला आयटीआयला गेला, मोटार मेकॅनिकच्या कोर्सला. जाताना तो मला काही बोलला नाही. पण शाळा सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी कोपरा रिकामा दिसला आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काय सारसवीर दप्तरात लपवून ठेवला होता?

"तुह्या घरचा होय न तो?" वर्गातली एक मुलगी म्हणाली. "मंग आण."

सरांनी लाल पेन माझ्या हातावर ठेवलं. मला चित्रं येत नाहीत, मी म्हणाले. "तुझ्या दादाला तरी सुरुवातीला कुठं येत होती?" सर म्हणाले. हे धादांत खोटं होतं, पण मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

मला हात जमेनात. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. शेवटी मी सारसवीराचे दोन्ही हात पाठीमागं नेले आणि त्याला तसाच उभा केला. उंच माणूसही जमत नव्हता, तेव्हा तो चांगला वीतभर बुटका झाला. शनिवारी फळ्यासमोर गर्दी झाली आणि निकाल लागला.

"हा तो सारसवीर नोहे."

"डुप्लिकेट होय बे."

"याचे हात काऊन मांगं आहेत? चोरी करून पळून राहिला का?"

मला राग फार लवकर येतो, आणि राग आला की मला सुचतंही फार. पुढच्या शुक्रवारी मी खुलासाच काढला. पहिल्या चौकटीत उंच सारसवीर दगडावर बसलेला. दुसरीत त्यानं फडकं सोडून दगडावर ठेवलेलं. तिसरीत तो पाठमोरा चालत निघालेला, आणि त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात अक्षरं: "माझे गुडघे दुखतात. आता तू." चौथ्या चौकटीत माझा बुटका, आपलं स्वतःचं फडकं बांधून, हात पाठीमागं. झालं! पोरांना ते पटलं. म्हातारा थकला, दुसरा आला, नाव तेच. गावात पाटीलही असेच बदलायचे.

दिवाळीत दादा गोंदियाहून आला. बसमधून उतरल्या उतरल्या पानठेल्यावरच्यानं विचारलं, "काय गड्या, गुडघे कसे आहेत?" पुढं चावडीवर एका आजोबांनी मोहाचं तेल लावायचा सल्ला दिला. शाळेतली चिल्लीपिल्ली त्याच्या मागं लंगडत घरापर्यंत आली. दादा हसत हसत घरात शिरला आणि म्हणाला, "दाखव बरं, काय काढलं."

मी अभिमानानं सगळे कागद समोर मांडले. त्यानं ते एकेक करून पाहिले. मग आपल्या बॅगेतून चार कार्डशीट काढले. वसतिगृहात बसून त्यानं सारसवीराच्या चार नव्या गोष्टी काढून आणल्या होत्या, माझ्या हाती शाळेत पाठवायला. त्यातल्या एकीत तो रेल्वेच्या पुलावरून उडी मारत होता, आणि हात इतके सुंदर होते की मला बघवेना.

"मी मेलो होतो का?" दादानं विचारलं.

ओरडला असता, एखादी चापट मारली असती, तर तिथंच मिटलं असतं. दादा उठून हातपाय धुवायला गेला. सुट्टी संपल्यावर ते चार कागद मी सरांकडं नेले. सर हळहळले, पण भित्तिपत्रकावर शाळेत शिकणाऱ्यांचंच लागेल, असा त्यांचा नियम होता. मी कागद परत आणले आणि दादाच्या पेटीत ठेवले.

त्यानंतर दादानं पेन्सिल धरली नाही. जयंतीच्या मिरवणुकीचा फलक दरवर्षी तोच रंगवायचा. त्या एप्रिलमध्ये विहारातली मंडळी बोलवायला आली तर म्हणाला, "दुसऱ्याले सांगा." दुसऱ्यानं रंगवला. अक्षरं उतरत उतरत कोपऱ्यात जाऊन पडली, आणि मिरवणुकीत मी त्या फलकाच्या मागं चालले, पुढून बघायची हिंमत झाली नाही. मी दोनदा माफी मागितली. "कायले?" एवढंच तो म्हणाला, दोन्ही वेळा. आमच्या घरात 'गुडघा' हा शब्दच बंद झाला. आईचे गुडघे खरोखर दुखायचे, पण दादा घरी असला की ती बिचारी "पायाच्या मधात दुखते" म्हणायची.

बाहेर मात्र सारसवीराचं उत्तम चाललं होतं. मी दहावीत गेल्यावर लाल पेन नववीतल्या एका मुलाकडं गेलं. त्याला पावलं जमत नसत, म्हणून त्याचा सारसवीर कायम बांधीत, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा. त्याच्यानंतरचा जाड होता, कारण काढणारीला जाड माणसं आवडायची. एक चष्मेवाला झाला. एक फार भाषणं करायचा. त्याचा मालक पुढं वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यातून पहिला आला. कुणी आधीच्याची नक्कल करायची नाही, हा रिवाजच पडला. खरा कोण, यावर पोरांची भांडणं व्हायची. आणि माझ्या बुटक्याच्या पाठीमागच्या हातांत काय आहे, हा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद. कुणी म्हणे दगड, कुणी म्हणे भाकर, कुणी म्हणे सरांचं हरवलेलं पेन. काही नाहीये, मला हात येत नाहीत, हे मी कुणालाच सांगितलं नाही. आता मी चिचगडकडं प्राथमिक शाळेत शिकवते, आणि माझ्या फळ्यावरची माणसं अजूनही हात मागं घेऊनच उभी असतात.

दादानं सडक अर्जुनीच्या हायवेवर गॅरेज टाकलं, लग्न केलं. त्याची मुलगी आमच्याच शाळेत गेली. सहावीत असताना, २०१८ साली, तिचा एकदा फोन आला.

"आत्या, शनिवारी ये व. माहा सारसवीर लागून राहिला."

पहाटेच्या बसनं देवरीवरून गेले. सर कधीच निवृत्त झाले होते. गुडघ्यांमुळं नव्हे, वयानं. फळा तोच, हिरवा रंग नवा. भाचीची सारसवीर दादापासून मोजली तर नववी, आणि मुलगी. फडक्याखालून दोन वेण्या बाहेर. याबद्दल एकाही पोरानं तक्रार केलेली नव्हती, हे मी नोंदवून ठेवलं.

गोष्ट अशी होती की भारनियमनासुर परत आला आणि नववीनं आधीच्या आठांना हाक दिली. दुसऱ्या चौकटीत सगळे रांगेत: जाड्या, चष्मेवाला, पाण्यातला आपली बांधी सोबत घेऊन. तिसऱ्या चौकटीत दगडावर बसलेला पहिला, उंच, उघड्या डोक्याचा, पाठमोरा. आणि चौथीत माझा बुटका. त्यानं हात पुढं आणले होते.

दहाही बोटं व्यवस्थित होती. नखंसुद्धा होती. दोन्ही करंगळ्या वाकड्या. ओंजळीत लाल फडकं, नीट घडी घातलेलं, आणि फुग्यात भाचीच्या अक्षरात: "सांभाळून ठेवलं होतं."

मी बोटं पुन्हा एकदा मोजली. भाची शेजारी उभी राहून अक्षरांचं कौतुक व्हायची वाट बघत होती.

"हात तू काढले?" मी विचारलं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नव्या सरले नको सांगू. मले हात जमूनच नाही राहिले. बाबाले दाखवलं तं म्हणे, पेन आण. मी भाकर काढ म्हणलं होतं. बाबानं फडकं काढलं. लिहाचं काय, तेबी त्यानंच सांगतलं."

गॅरेज शाळेपासून बसनं दहा मिनिटांवर. दादा एका ट्रकखाली होता, फक्त पाय बाहेर. मी पायांशीच बोलले.

"हात चांगले जमले."

आत पान्याचा आवाज थांबला. "तुले तं सतरा वर्षांत नाही जमले."

"फडकं काऊन काढलं?"

"दगडावर पडून होतं न तवापासून," ट्रकखालून आवाज आला. "कोणी उचललं, ते तू काढलंच नाही. मले वाटलं, त्यानंच उचललं असन."

मग तो घसरत बाहेर आला. बंपर धरून उठायला लागला, अर्ध्यावर थांबला आणि एक हात खाली टेकवला. अंगठ्यावर ग्रीसमध्ये थोडी लाल शाई होती.

"गुडघे दुखून राहिले माहे," दादा म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो हसत होता. मला भर हायवेवर, ट्रकवाल्यासमोर, रडू फुटलं, आणि दादा हात पुसत म्हणाला, "हे आता फळ्यावर नको काढू."