जावेच्या नावाचं डोमेन

खोटं कशाला बोला, मोहिनी जळत होती. जळणारं माणूस कधी कबूल करतं का? तीही करत नव्हती. पण धाकट्या जावेचं नाव निघालं की तिच्या हातातला माउस उगाच टकटक वाजायला लागायचा, आणि जवळा बाजार गावातल्या तिच्या ऑनलाइन सेंटरात पीकविम्याचा फॉर्म भरायला आलेल्या माणसाला कळायचं, आज बाईचं काही खरं नाही.

मोहिनी मूळची औंढा नागनाथची. वडिलांचं देवळाच्या वाटेवर नारळ-प्रसादाचं दुकान. पोरगी हुशार, हिंगोलीला राहून कॉम्प्युटर शिकली आणि लग्न होऊन पडली शेळ्यांच्या घरात. शेळीचा वास तिला काही केल्या सोसेना. मग तिनं बाजाररोडला हे सेंटर टाकलं. दाखले, सातबारा, फॉर्म करता करता दुकानदारांच्या वेबसाइटही करायला लागली. तोपर्यंत डोमेन म्हणजे काय हे अख्ख्या बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. ती समजावून सांगायची, "इंटरनेटवरचं आपलं नाव हो. ते नोंदवायचं, दरसाल चालू ठेवायचं. त्या नावानं गिऱ्हाईक आलं की त्याला कुठल्या दारात न्यायचं, ते सेटिंगमधी सांगायचं." बाजारातल्या अकरा दुकानांची नावं तिच्या खात्यात होती. बारावं घरचं होतं, आणि तेच डोळ्यांत सलत होतं.

ते होतं सत्यशीलाचं. सत्यशीला म्हणजे दीर शिवहारची बायको. शिक्षण दहावी, तेही रडतखडत. पण शेळ्यांत तिचा जीव. कुठली शेळी कधी विणार, कुठल्या करडाला काय झालं, सगळं तिला नुसतं बघून कळायचं. मोहिनीनंच एकदा घरात विषय काढला, "शेळ्यांचे फोटो टाकून वेबसाइट करू." नाव शोधताना तिनं आधी गुपचूप 'मोहिनी शेळीपालन' टाकून पाहिलं. ते कुण्या मेलीनं आधीच घेतलेलं! नाइलाजानं 'सत्यशीला शेळीपालन' टाकलं, तर ते मोकळं. घ्या आता.

आणि ते चाललं की हो. वाशीम-नांदेडहून माणसं फोटो बघून शेळ्या न्यायला यायला लागली. सत्यशीला झाली 'वेबसाइटवाली'. मेहनत कुणाची, सेटिंग कुणी लावल्या, मेंदूचा भुगा कुणाचा झाला? अन् ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार!

गावात महिलांचा कार्यक्रम झाला. सत्यशीलाला स्टेजवर बोलावलं, शाल-नारळ दिलं. माइकवाल्यानं विचारलं, "ताई, ही वेबसाइट तुम्हाला कोणी करून दिली?" मोहिनी चौथ्या रांगेत पदर सारखा करून बसली. आता नाव येणार.

सत्यशीला खाली मान घालून म्हणाली, "घरच्यांनी."

घरच्यांनी! त्यात गोठ्यातली शेळीसुद्धा आली की! मोहिनीच्या अंगाची लाही लाही झाली. ती तशीच उठून सेंटरात आली आणि खातं उघडलं. बाराही नावांपुढं हिरवं बटण होतं, मुदत संपली की नाव आपोआप चालू ठेवणारं. तिनं बाराव्या नावाचं बटण बंद केलं. एवढंच. भांडली नाही, बोलली नाही. नुसतं एक बटण.

मुदत संपत आल्याच्या मेल आल्या. सगळ्या तिच्याच पत्त्यावर, कारण मालक म्हणून नोंद तिची. एकेक मेल ती वाचायची आणि मिटवायची. शेवटी एका सकाळी वेबसाइट बंद पडली. सत्यशीला मोबाइल घेऊन आली. "बाई, ते उघडून न्हाई राहिलं. काय झालं असंल?"

"सर्व्हरची तकलीफ हाय. होईल," मोहिनी म्हणाली, आणि तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

नाव परत घ्यायला आता थोडेच दिवस होते. त्यानंतर ते कुणीही उचलणार, आणि सत्यशीलाला त्या नावाला कायमचं मुकावं लागणार. मोहिनी रोज दिवस मोजायची.

आणि अशात एका संध्याकाळी कळपाबरोबर एक परकी शेळी घरी आली. सासू पारुबाईनं तिचा कान चाचपला. डाव्या कानाला एक चीर. घरच्या जनावरांना उजव्या कानाला दोन चिरा असायच्या. "ही उत्तमरावाची," म्हातारी म्हणाली. उत्तमराव म्हणजे बांधावरून चार वर्षं बोलणं बंद असलेला शेजारी. ऊठसूट शिव्या देणारा.

मोहिनी पटकन म्हणाली, "राहू द्या आत्याबाई चार दिवस. हिंडू द्या त्याला शोधत. जिरंल जरा."

पारुबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की मोहिनीला पदर सावरावा वाटला. "भांडण त्याच्याशी हाय, शेळीशी न्हाई. दुसऱ्याच्या खुणेचं जनावर आपल्या दावणीला ठेवलं की आपल्या कळपाची बरकत जाती. शिवहार, पाणी पाज तिला अन् देऊन ये." शिवहार शेळी घेऊन गेला. त्या दिवशी मोहिनीला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सेंटरचं शटर वर करून तिनं आधी ते नाव परत चालू केलं. वेबसाइट उघडली. मग ती मालकाच्या नोंदीत शिरली. तिथं होतं मोहिनी, तिचा नंबर, तिचा मेल. तिनं स्वतःचं नाव खोडलं आणि सत्यशीलाचं घातलं. सत्यशीलाचा मेलही तिनंच काढून दिलेला होता, तो टाकला. 'पाठवा' दाबताना हात आखडला. पण दाबलं. आता नव्या मालकानं आपल्या मोबाइलवर आलेल्या मेलला 'होय' म्हटलं की झालं. घे बाई, तुझी शेळी तुझ्या दावणीला. आणि खरं सांगायचं तर एक आशाही होती, की आता तरी ही म्हणेल, जाऊ असावी तर अशी.

दुपारी सत्यशीला धावतपळत आली. पदराला चाऱ्याचं कुसळ, चेहरा उतरलेला.

"बाई, माझं काय चुकलं?"

"काहून? काय झालं?"

तिनं मोबाइल पुढं केला. इंग्रजी मेल तिनं मोबाइलकडूनच मराठी करून घेतली होती. "हे नाव इथून पुढं एकट्या सत्यशीलाचं, तुमचा काही संबंध न्हाई, असं लिहिलंय. वेगळं काढून राहिल्या का मला? वाटणी करून राहिल्या?"

हा अर्थ मोहिनीच्या डोक्यात स्वप्नातही आला नव्हता.

"मी 'न्हाई' दाबून टाकलं," सत्यशीला म्हणाली. "खूण तुमची हाय, तुमचीच राहू द्या. त्या दिवशी स्टेजवर तुमचं नाव घ्यायचं होतं हो माझ्या मनात. पण मोठ्या जावेचं नाव चारचौघांत कसं घ्यावं? जीभच उचलंना. मग घरच्यांनी म्हणलं. तेवढ्यावर रागावल्या का?"

आणि ती तिथंच, फॉर्म भरायला आलेल्या दोन माणसांसमोर रडायला लागली.

मोहिनीनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "न्हाई गं, वाटणी कशाची? मशीनची गडबड होती," असं खोटंच सांगितलं. बंद केलेल्या बटणाचं खरं काही तोंडातून निघेना. स्क्रीनवर लाल अक्षरं होती, नव्या मालकानं नकार दिला आहे. मोहिनीनं बाराव्या नावाचं बटण हिरवं केलं.

फॉर्मवाल्यांतला एक जण हळूच म्हणाला, "नशीबवान आहात बाई तुमी. अशी जाऊ कुणाला मिळती?"

"व्हय," मोहिनी म्हणाली. सत्यशीला पदरानं डोळे पुसत होती आणि दोन्ही माणसं तिच्याकडं मायेनं बघत होती. जळायला आता कारण उरलं नव्हतं, आणि मोहिनीचा हात माउसवर टकटक करत होता.